हिरवळीची कापणी : रविवारी सकाळी बाग बंद

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, मधल्या बागेतील हिरवळीची कापणी येत्या रविवारी सकाळी ८ ते ११ या वेळेत होईल; मात्र आदल्या रात्री पाऊस झाल्यास ती पुढच्या कोरड्या सकाळी घेतली जाईल, कारण ओले गवत यंत्रात अडकते आणि पाती कापली न जाता फाटतात.

आपली हिरवळ हरळीची, म्हणजे दूर्वांचीच आहे. उन्हात ती जोमाने पसरते, सावलीत विरळ होते. त्यामुळे आंब्याखालचा उघडा पट्टा केवळ खत घालून भरेल, अशी अपेक्षा कृपया ठेवू नये. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापल्यास गवत पिवळे पडते, म्हणून सध्याची ६ सेंटिमीटर उंची तूर्त ४ वरच आणली जाईल.

सभासदांना विनंती :
- शनिवारी संध्याकाळपर्यंत खेळणी, पाण्याच्या नळ्या आणि स्टंप म्हणून मांडलेल्या विटा उचलाव्यात.
- यंत्र चालू असताना मुलांना बागेत पाठवू नये. पात्याखाली आलेला खडा लांबवर उडतो.
- कापणीनंतर दोन दिवस हिरवळीवर क्रिकेट खेळू नये.

गणपतीसाठी दूर्वा खुडता याव्यात म्हणून कुंपणालगतचा पट्टा न कापता राखला आहे.

– बाग समिती