सुमे, तुझ्या एक्सरेच्या भांडणाबद्दल

प्रिय सुमे,

तुझी ती मोठ्ठी व्हॉइस नोट ऐकली, ड्यूटीवर होते म्हणून लगेच काही बोलले नाही. बाळाची श्वासाची नळी काढली आणि आता नुसत्या हाय फ्लोवर (नाकातून जोरात दिलेल्या ऑक्सिजनवर) आहे हे ऐकून जीव भांड्यात पडला. ताईला म्हणावं आता तरी नीट जेव.

आता तुझा राग. पहिल्या दिवशी तू एक्सरे मागत होतीस तर डॉक्टर नको म्हणाले, आणि आयसीयूत गेल्यावर आरएसव्ही या व्हायरसचा रिपोर्ट हातात असूनसुद्धा फिल्मवर फिल्म. अगं, दोन्हीकडे त्यांचंच बरोबर होतं, निदान बरंचसं.

आरएसव्ही बारीक श्वासनळ्यांचा आजार करतो. तान्ह्या बाळाच्या त्या नळ्या आधीच केसाएवढ्या, त्या सुजतात, चिकट कफ अडकतो, मग हवा आत जाते पण बाहेर यायला तयार नसते. फिल्मवर छाती फुगलेली दिसते, बरगड्या आडव्या, छातीखालचा श्वासपटलाचा पडदा चपटा. आणि जिथे कफाचं बूच पूर्ण बसतं तिथली हवा शोषली जाऊन फुफ्फुसाचा तेवढा तुकडा मिटतो आणि पांढरा दिसतो, बऱ्याचदा उजवीकडे वर. मोठ्या माणसांत शेजारच्या भागातून थोडी हवा आत शिरते, बाळांमध्ये त्या आडवाटा अजून नीट तयारच झालेल्या नसतात. आता गंमत अशी की हा मिटलेला तुकडा आणि बॅक्टेरियाचा न्यूमोनिया एका फिल्मवर सारखेच दिसू शकतात! मग कोणीतरी घाबरून अँटिबायोटिक सुरू करतं, जी व्हायरसवर काडीचीही चालत नाही. म्हणून अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या 2014च्या गाइडलाइनमध्येच लिहिलंय की साध्या ब्रॉन्किओलायटिसला (म्हणजे याच बारीक नळ्यांच्या सुजेला) सरसकट एक्सरे नको. आमच्याकडे थंडीत रोज ऐकते, धारहून आलेला बाप विचारतो "मॅडम, निमोनिया कितना है?" आणि रामबागेतली आजी विचारते "पॅच गेला का गं?" दोघांना एकच सांगते, बाळाकडे बघा, दूध घेतंय का, श्वास किती जोरात चाललाय.

मात्र नळी घातली की सगळा हिशोब बदलतो. आमची पोर्टेबल मशीन बेडपाशी लावतो, सिस्टर बाळाचं डोकं सरळ धरते, आणि हे सरळ धरणं फार महत्त्वाचं, कारण लहान बाळाची श्वासनलिका असते जेमतेम 4–5 सेंटीमीटरची, मान छातीकडे झुकली तर नळीचं टोक खाली सरकतं, मान वर गेली तर टोकही वर. खाली जाऊन उजव्या फाट्यात शिरलं की डावं फुफ्फुस बंद! व्हायरसने नाही, नळीने. त्या फिल्मवर मी आधी नळी बघते, मग फुफ्फुस फुटून हवा बाहेर तर आली नाही ना (झोपलेल्या बाळात ती पुढे आणि खाली साठते, पटकन दिसतच नाही), आणि न्यूमोनिया सगळ्यात शेवटी. शिवाय कालची फिल्म शेजारी लावते. काल उजवीकडे वर पांढरं होतं, आज ते साफ आणि डावीकडे खाली नवीन, तर तो कफच जागा बदलतोय, बॅक्टेरियाचा पॅच एका रात्रीत असा गायब होत नाही.

आणि फिल्म म्हणजे काही देववाणी नव्हे. मोठ्यांच्या एआरडीएससाठी (फुफ्फुसं सुजून ऑक्सिजन फार कमी होतो तो गंभीर आजार) दोन्ही बाजूंना पांढरं दिसायलाच हवं अशी 2012ची व्याख्या आहे, मुलांसाठी 2015ला वेगळी केली तेव्हा ही अट काढूनच टाकली, कारण एकाच फिल्मवर दोन डॉक्टरांचं एकमत होईना.

तरी रोज सकाळी सवय म्हणून फिल्म काढायची हे मला पटत नाही. रेडिएशन फार नसतं, निसर्गातून थोड्या दिवसांत मिळतं तेवढंच, पण बाळाला हलवावं लागतं आणि त्यात नळी सरकते. नळी बदलली, ऑक्सिजन अचानक पडला, तर जरूर काढा. हल्ली मधल्या काळात आम्ही सोनोग्राफीचा प्रोब लावतो, मिटलेला भाग छातीच्या कडेला असेल तर छान दिसतो, पाणी दिसतं, रेडिएशन शून्य. खोल आतलं दिसत नाही, हवा मधे येते.

एक गोष्ट ताईला आत्ता सांगू नकोस, उगाच घाबरेल. अडेनोव्हायरसचा जबर न्यूमोनिया झालेल्या काही मुलांच्या बारीक नळ्यांवर कायमचे व्रण राहतात, मग महिनोन् महिने श्वासात शिट्टी, धाप, आणि सीटी स्कॅनवर श्वास सोडल्यावरही हवा अडकलेली. आपल्या बाळाला आरएसव्ही होता, त्यात हे क्वचितच. पण शिट्टी काही आठवड्यांनीही गेली नाही तर डॉक्टरांना दाखवा, आणि सीटी हवाच का हे विचारा, त्याचं रेडिएशन एक्सरेच्या कितीतरी पट.

पहिल्या आणि शेवटच्या फिल्मची सीडी मागून घे आणि मला पाठव. ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला फोटो नको, तुझी बोटंच जास्त दिसतात त्यात.

तुझी,
मंजू