मला काही नाही रे, पण लोक...

बर्नबी, ब्रिटिश कोलंबिया
२७ ऑक्टोबर २०१९, लक्ष्मीपूजन

प्रिय मिलिंद,

तू पाठवलेला शरद पवारांच्या पावसातल्या सभेचा व्हिडिओ दहा वेळा तरी बघितला. मंजू शेवटी म्हणाली, फोन भिजेल आता. साताऱ्यात एवढं रामायण घडलं आणि मी इथं मेपलची पानं गोळा करत बसलोय, याची फार चुटपुट लागली. तू म्हणालास, "तिकडचं काय झालं ते लिही, बातम्यांत काही कळत नाही." फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

योगायोग बघ. २१ तारखेला तू एका दमात लोकसभेची पोटनिवडणूक आणि विधानसभा अशी दोन बटणं दाबलीस, आणि त्याच तारखेला मी इथं कॅनडाच्या संसदेसाठी मत दिलं. बटण नाही, शाई नाही. शाळेच्या व्यायामशाळेत बास्केटबॉलच्या जाळीखाली टेबल, त्यावर पुठ्ठ्याचा आडोसा आणि एक बुटकी पेन्सिल. हो, पेन्सिल! मतपत्रिकेवर चिन्हंही नसतात. उमेदवाराचं नाव, खाली पक्षाचं नाव आणि समोर पांढरं वर्तुळ. त्यात फुली मारायची, कागदाची घडी घालायची आणि पेटीत टाकायची. नागरिकत्व मिळाल्यावरचं हे माझं दुसरं मतदान, तरी ती पेन्सिल हातात घेतली की चौथीच्या परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.

निकाल थोडक्यात सांगतो. एकूण जागा ३३८, बहुमताला १७० लागतात. पंतप्रधान ट्रूडोंच्या लिबरल पक्षाला १५७, म्हणजे २०१५ च्या १८४ वरून घसरण. कॉन्झर्व्हेटिव्हांना, म्हणजे मुख्य विरोधी पक्षाला, १२१. क्वेबेक प्रांतापुरता लढणारा ब्लॉक केबेक्वा दहावरून एकदम ३२ वर गेला. एनडीपी, म्हणजे इथला डावीकडे झुकलेला पक्ष, त्याला २४. ग्रीन तीन. आणि एक अपक्ष, जोडी विल्सन-रेबोल्ड. या बाई ट्रूडोंच्याच कायदामंत्री होत्या. एका कंपनीच्या खटल्यावरून त्यांच्याशी बिनसलं, पक्षातून काढलं, तर शेजारच्या व्हँकुव्हरमधून एकट्या उभ्या राहून निवडून आल्या. गंमत म्हणजे देशभरात मतं जास्त कॉन्झर्व्हेटिव्हांना, ३४ टक्क्यांच्या वर, आणि लिबरलांना ३३ च्या आसपास. पण कॉन्झर्व्हेटिव्हांची मतं अल्बर्टा आणि सस्कॅचवानमध्ये ढिगानं पडली आणि तिथंच वाया गेली. त्या दोन प्रांतांत मिळून लिबरलांचा एकही माणूस आला नाही.

म्हणजे अल्पमतातलं सरकार. तुला वाटेल, आता आमदार फोडतील, रिसॉर्ट बुक करतील. तसलं काही नाही! निकालानंतर दोनच दिवसांनी ट्रूडोंनी सांगून टाकलं की आघाडी वगैरे करणार नाही. विधेयक आलं की त्या-त्या वेळी कुणाचा तरी पाठिंबा मिळवायचा, आणि अर्थसंकल्पावर हरलात तर घरी. १९७९ मध्ये पंतप्रधान जो क्लार्क यांचं सरकार असंच अर्थसंकल्पावर पडलं, सात महिनेसुद्धा धड झाले नव्हते. पण सरकारी आरोग्यसेवा, राष्ट्रीय पेन्शन आणि मेपलच्या पानाचा झेंडा हे तिन्ही पंतप्रधान पिअर्सन यांच्या १९६३ ते ६८ च्या काळातलं, आणि त्यांनाही कधी बहुमत नव्हतं. तुमच्याकडे भाजपचे १०५ आणि शिवसेनेचे ५६ मिळून स्पष्ट बहुमत असताना मुख्यमंत्री कोण हे ठरत नाही, आणि इथं बहुमत नसताना पंतप्रधान कोण याची चर्चाच नाही. असो, तो तुझा प्रांत.

खरं लिहायचं होतं ते वेगळंच.

आमचा खासदार जगमीत सिंग. एनडीपीचा नेता, वय चाळीस, डोक्यावर रोज वेगळ्या रंगाची पगडी, अंगात झकास बेतलेला सूट. देशातल्या एका मोठ्या पक्षाचं नेतेपद गोरा नसलेल्या माणसाकडे जाण्याची ही पहिलीच वेळ, ते २०१७ साली झालं. इथं आपल्यासारख्यांना कायद्यात एक शब्द आहे: 'दृश्य अल्पसंख्याक'. वाचलं तेव्हा हसलो होतो. म्हणजे उरलेले काय अदृश्य? २०१६ च्या जनगणनेत आम्ही 'दिसणारे' २२ टक्के भरलो. नव्या संसदेत दिसतोय सुमारे पन्नास. तेही कमी नाहीत म्हणा. याच प्रांतात १९०७ मध्ये भारतीय माणसाचा मतदानाचा हक्क काढून घेतला होता आणि तो १९४७ साली परत मिळाला. म्हणजे आपण स्वतंत्र झालो आणि इथल्या आपल्या लोकांना मत मिळालं, एकाच वर्षी.

तर हा सिंग प्रचारात माँट्रियलच्या बाजारात फिरत होता. एक म्हातारा गोरा जवळ आला, हात मिळवला आणि कानाशी वाकून म्हणाला, ही पगडी काढून टाक, मग कॅनेडियन दिसशील. सिंग हसून म्हणाला, कॅनेडियन सगळ्या प्रकारचे दिसतात. मी तो व्हिडिओ बघितला. मला खटकला तो शेवट. म्हातारा जाता-जाता त्यालाच शुभेच्छा देतो, तू जिंकावंस असं वाटतं म्हणतो! डोळ्यांत विखार नाही, आवाज चढलेला नाही. आपल्या पेठेतले काका बोलतील तसा प्रेमानं बोलला. आणि हा सिंग जन्मलाय टोरांटोच्या स्कारबरोत. कॉन्झर्व्हेटिव्ह नेते शीअर यांच्याकडे अमेरिकेचंही नागरिकत्व आहे हे ऐन प्रचारात बाहेर आलं. टीका झाली, दोन दिवस चघळलं गेलं, पण तुम्ही कॅनेडियन दिसत नाही असं त्यांना कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

क्वेबेकमध्ये या जूनपासून कायदाच आलाय. सरकारी शाळांतले शिक्षक, पोलीस, सरकारी वकील यांनी कामावर धर्माचं चिन्ह अंगावर घालायचं नाही. ज्याला त्या प्रांतात पगडी घालून मास्तर होता येणार नाही, तो तिथं मतं मागत होता. जाहिरातीत त्यानं केस मोकळे सोडून, पगडी बांधतानाचं स्वतःला दाखवलं. मला ते बघवेना. तू लग्नात फेटा बांधताना कधी कुणाला समजावून सांगितलंस का? एवढं करून क्वेबेकमध्ये एनडीपीला जागा मिळाली एक. २०११ मध्ये तिथं ५९ होत्या.

आता लगेच 'वर्णद्वेष' म्हणून मोकळा होऊ नकोस. २०१५ मध्ये नेता गोरा होता, तरी ५९ च्या १६ झाल्याच होत्या. यंदा पक्षाकडे पैसा नव्हता आणि ब्लॉकला नवा दमदार नेता मिळाला. त्यातलं पगडीमुळे किती गेलं हे कुठल्या तराजूत तोलणार?

गोऱ्यांचं एक वेळ सोड. याच फेब्रुवारीत सिंग इथं पोटनिवडणुकीला उभा होता, तेव्हा लिबरलांच्या चिनी वंशाच्या उमेदवार बाईंनी वीचॅट या चिनी ॲपवर लिहिलं की रिंगणात चिनी मी एकटीच आहे आणि समोरचा भारतीय वंशाचा आहे. बोभाटा झाला आणि त्यांना उमेदवारी सोडावी लागली. म्हणजे बघ, आपण म्हणायचो ना, जात नाही ती जात. ती विमानातही शेजारी येऊन बसते.

आणि आपले मराठी लोक? व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षभर एकच पालुपद, "तो खलिस्तानवाला." २०१३ मध्ये भारतानं त्याला व्हिसा नाकारला होता हे खरं. १९८५ च्या एअर इंडिया बॉम्बस्फोटाच्या सूत्रधाराबद्दल विचारलं तेव्हा त्यानं आधी सरळ उत्तर दिलं नाही, हेही खरं. ३२९ माणसं गेली त्यात, प्रश्न विचारलेच पाहिजेत. मीही विचारतो. पण आमच्या ग्रुपवर दोन प्रश्नांनंतर तिसरा मेसेज सरदारजीच्या विनोदाचा असतो, आणि त्या विनोदाला अंगठे जास्त पडतात.

आता कबुली. मत गुप्त असतं, पण तुझ्यापासून काय लपवायचं. आमच्या मतदारसंघात तिन्ही मोठ्या पक्षांचे उमेदवार 'दिसणारे'च होते. मला धोरणं सिंगची पटत होती. औषधांचा खर्च सरकारनं उचलावा म्हणतो तो, आणि मंजूच्या थायरॉइडपासून सगळ्या गोळ्यांचा हिशेब मीच ठेवतो. तरी पेन्सिल लिबरलांच्या वर्तुळात गेली. कारण? डोक्यात एकच वाक्य: मला काही नाही रे, पण लोक पगडीवाल्याला पंतप्रधान करणार नाहीत, मग मत कशाला वाया घालवा. घरी येऊन मंजूला सांगितलं. ती शेव पाडत होती. सोऱ्या थांबवून म्हणाली, "अरे, आपल्या इथं तोच पुढे होता. वाया जाणारं मत तर तू दिलंस!" गणितसुद्धा उलटं. तो निवडून आला, सुमारे तीन हजारांनी, माझ्या मदतीशिवाय.

ते वाक्य कुठून शिकलो ते रात्री आठवलं. ९८ सालचं पुणं. आपण तिघं खोली शोधत होतो. मालकीणबाईंनी सलीमचं नाव ऐकलं आणि चहा देता-देता म्हणाल्या, "आम्हाला काही नाही हो, पण वाड्यातले बाकीचे..." चहा छान होता. सलीमनंच उठून म्हटलं, मी बघतो दुसरीकडे. आणि आपण दोघांनी ती खोली घेतली, मिल्या. तीन वर्षं राहिलो तिथं. यावर आपण कधी बोललोच नाही.

इथं आल्यावर साहेब माझ्याशी तसंच गोड बोलला होता. मला तुझं नाव आवडतं, पण क्लायंटना ज्ञानेश्वर जड जातं, काहीतरी छोटं घे. तेव्हापासून मेलखाली मी 'डॅन' लिहितो. रागही आला नव्हता तेव्हा. वाटलं, किती समजूतदार माणूस.

निकालाच्या रात्री टीव्हीवर सिंगचं भाषण चाललं होतं. जागा ३९ वरून २४ वर आलेल्या, तरी गडी नाचत स्टेजवर आला. बोलतोय, बोलतोय, मध्येच शीअर सुरू झाले आणि चॅनेल तिकडे वळलं. शीअर रंगात येतायत तोवर ट्रूडो सुरू, मग चॅनेल तिकडे. रिमोट घेऊन मी सिंगला शोधत बसलो.

सईच्या शाळेत मुलांसाठी खोटं-खोटं मतदान घेतात, मतपत्रिका मात्र खऱ्यासारखीच. तिनं सिंगला दिलं. विचारलं, का गं? म्हणाली, तो टिकटॉकवर आहे आणि त्याचे कपडे भारी असतात. पगडीचं नावच नाही. मी म्हटलं, पगडी? तर म्हणाली, "हो, ती पण मॅचिंग असते." मग तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही कुणाला दिलं?" मी म्हटलं, मत गुप्त असतं. मंजू शेवेचा घाणा काढत होती, तिनं मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

सलीमचा नंबर आहे का रे तुझ्याकडे? असला तर पाठव. आणि मुंबईत कोण बसतंय ते कळव. कंदी पेढे पाठवू नकोस, मागच्या वेळी कस्टमवाल्यांनी फोडून बघितले होते. वहिनींना आणि काकांना नमस्कार.

तुझा,
ज्ञाना