प्रवासाचा वेळ हवाई अंतरावरून काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी आणि लग्नसराई जवळ आली की ‘इंदूर ते मुंबई विमानाने ३८ मिनिटे’ असे तक्ते मोबाइलवर फिरू लागतात. दोन विमानतळांमधले सरळ अंतर घ्यायचे आणि त्याला ताशी ८०० किलोमीटरने भागायचे, एवढाच तो हिशेब. अंतर खरे आहे. इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळापासून मुंबई आणि पुण्याचे लोहगाव, दोन्ही सुमारे ५०० किलोमीटरवर आहेत. चुकतो तो भागाकार.

तिकिटावरची सुटण्याची वेळ ही विमान जागेवरून हलण्याची असते, उड्डाणाची नव्हे. दार बंद होते, ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलतो, इंजिने सुरू होतात आणि मग धावपट्टीच्या टोकापर्यंत संथ चाल. यातच दहा-पंधरा मिनिटे जातात. वर गेल्यावरही दहा हजार फुटांखाली २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरची मर्यादा असते. एवढ्या कमी पल्ल्यात चढण संपते न संपते तोच उतरण सुरू होते, त्यामुळे पूर्ण वेग थोडाच वेळ मिळतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. गर्दी असली की विमान हवेतच थांबवून ठेवतात आणि अशी प्रत्येक घिरटी साधारण चार मिनिटे खाते. वेळापत्रकात सव्वा तास किंवा त्याहून जास्त वेळ धरलेला असतो, तो या सगळ्यासाठी. पंख्याचे एटीआर विमान असेल तर आणखी दहा-पंधरा मिनिटे धरावीत. वाऱ्याला मात्र लोक उगाच दोष देतात. समोरून ताशी ७० किलोमीटरचा वारा असला तरी या अंतरावर तीन-चार मिनिटांचाच फरक पडतो.

खरे नुकसान होते ते मुंबईहून पुढे परदेशी जाणाऱ्यांचे, विशेषतः मुलांकडे निघालेल्या ज्येष्ठांचे. इंदूरचे विमान टर्मिनल १ वर उतरले आणि पुढचे टर्मिनल २ वरून असले, तर सामान घेऊन बाहेर पडून रस्त्याने जावे लागते. सहाला विमान लागले तरी सामान हाती येऊन टर्मिनल २ गाठेपर्यंत सव्वासात वाजतात. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचे, म्हणजे ते सव्वादहाच्या आधीचे नको. दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. एकाच पीएनआरवर तिकीट काढणे केव्हाही बरे. आणि तिकिटावर विमानतळाचे संक्षिप्त नाव मुंबईचे बीओएम लिहिले आहे की नवी मुंबईचे एनएमआय, तेही पैसे भरण्याआधी पाहावे.

आपल्या पत्राने विमानांच्या वेळा छापताना किलोमीटरशेजारी वेळापत्रकातला पूर्ण वेळ आणि टर्मिनल द्यावे, ही विनंती. ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी वेळापत्रक बदलते, तेव्हा हा तक्ताही नव्याने छापावा.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर