मुलीस पत्र : ऑफिसची बॅग घेण्यापूर्वी

भांडुप, मुंबई

चि. मनू हिस,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप आणि त्यासोबतचे बॅगांचे फोटो मिळाले. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ऑफिसात रुजू होण्यापूर्वी एक दणकट बॅकपॅक घ्यावी, ती रोज लॅपटॉप नेण्यासही चालावी आणि पावसाळ्यात मैत्रिणींबरोबर राजमाचीला जातानाही उपयोगी पडावी, म्हणजे एका खर्चात दोन कामे होतील, असा तुझा हिशेब दिसतो. बॅगांच्या कारखान्यात वर्षानुवर्षे जमाखर्च लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला तो पटणार नाही, याची कल्पना असूनही तू विचारलेस, हे बरे केलेस. माझे मत आधीच सांगून टाकतो : फोटोतली ४५ लिटरची सॅक घेऊ नकोस. रोजच्या प्रवासाची बॅग वेगळी आणि डोंगरावरची वेगळी. आणि मुंबईत रोजची बॅग निवडताना लिटरच्या आधी तिची जाडी पाहावी लागते.

लिटर म्हणजे बॅगेच्या आतली एकूण जागा. कागदावर मांडून पाहा. ४५ सेंटिमीटर उंच, ३० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड अशी बॅग धरली, तर तिचे जवळपास २० लिटर होतात. ४५ लिटर हवे असतील, तर उंची ५५ आणि रुंदी ३२ सेंटिमीटरपर्यंत वाढवूनही जाडी २५ सेंटिमीटरच्या वर जाते. दुकानातल्या आरशासमोर हा फरक डोळ्यांत भरत नाही. सकाळी भांडुपहून स्लो लोकल पकडून कुर्ल्याला उतरेपर्यंत तो चांगलाच जाणवतो. पुण्यात तू स्कूटीवरून कॉलेजला जातेस, त्यामुळे बॅग पाठीवर राहते आणि तिच्या जाडीची अडचण कोणालाच होत नाही. इथे डब्यात शिरतानाच ती पोटाशी घ्यावी लागते, कारण पाठीवरच्या बॅगेचा धक्का मागच्या बाईला बसतो आणि आपली चेन कोणी उघडली तरी आपल्याला पत्ता लागत नाही. मात्र पोटाशी घेतलेली बॅग जाड असली, की स्वतःची पावले दिसत नाहीत. उतरताना डब्याची कड आणि फलाट यांच्यामधली फट दिसायला हवी, मागून लोटालोट चालू असते, अशा वेळी हनुवटीपर्यंत आलेली सॅक सांभाळत पाय टाकणे धोक्याचे आहे. म्हणून बॅग पोटाशी धरून सरळ उभी राहा आणि मान थोडी झुकवून आपल्या चपलांची टोके दिसतात का, ते पाहा. दिसत नसतील तर ती बॅग तिथेच ठेव.

डब्यातल्या रॅकवर बॅग टाकायची सवय लावून घेऊ नकोस असे मी म्हणणार नाही, कारण जागा मिळाली तर खांद्याला तेवढाच विसावा; पण भांडुप ते कुर्ला एवढ्या छोट्या अंतरात ती वर चढवून पुन्हा उतरवण्यात काही अर्थ नाही. पट्टा आवळल्यावर निवारीची जी टोके खाली लोंबतात, ती मात्र गुंडाळून रबरात अडकवून ठेव. गर्दीत ती दुसऱ्याच्या बॅगेच्या बकलात अडकतात आणि ऐन उतरण्याच्या वेळी ओढाताण होते. काही बॅगांना त्यासाठी इलॅस्टिकची छोटी कडी शिवलेली असते. ती नसली तर आईच्या डब्यातले रबरबँड आहेतच.

तू पाठवलेल्या फोटोंपैकी दुसरी बॅग, जिची चेन पाठीला टेकणाऱ्या बाजूला आहे आणि जी चोरांपासून सुरक्षित म्हणून विकली जाते, तिचा विचार नीट करायला हवा. पाठीवर असेपर्यंत ती रचना खरोखर उपयोगाची आहे. पण मुंबईत बॅग पोटाशी येते, आणि मग ती चेन आपल्याच पोटावर दाबली जाते. पास किंवा फोन काढायचा झाला, तर गर्दीत अख्खी बॅग अंगावेगळी करावी लागते. तिच्या कडेला जे यूएसबीचे छिद्र आहे, त्याच्या आत बहुधा नुसती वायर असते, पॉवर बँक आपलीच ठेवावी लागते, आणि जुलैच्या पावसात त्या छिद्रातून पाणी आत जाण्याची भीती राहते. वरचे तोंड गुंडाळून बकल लावायची रोल-टॉप बॅग पावसाला उत्तम, पण दिवसातून अनेकदा उघडझाक करणाऱ्या माणसाने ती घेऊ नये. नाडीची पिशवी, एका खांद्यावरची स्लिंग, हे प्रकार जिमला किंवा बाजारात नेण्यापुरते ठीक; त्यांत लॅपटॉप ठेवू नकोस.

तुला लागेल ती १८ ते २२ लिटरची, लॅपटॉपचा वेगळा कप्पा असलेली बॅग. त्या कप्प्याविषयी दुकानदार काही सांगत नाही अशी एक गोष्ट आहे. कप्प्यात हात घालून बोटे तळापर्यंत ने. तिथे बॅगेचाच तळ हाताला लागला, तर लॅपटॉपचा कोपराही तिथेच टेकणार, आणि फलाटावरच्या बाकावर बॅग टेकवली की प्रत्येक वेळी त्याला दणका बसणार. चांगल्या बॅगेत हा कप्पा तळाच्या बोट-दोन बोटे वर संपतो, किंवा खाली जाड फोम असतो. लॅपटॉपचे १५.६ इंच हे पडद्याच्या कर्णाचे माप असते, त्यामुळे लेबलवरच्या इंचांवर न विसंबता स्वतःचा लॅपटॉप घालूनच पाहावे. बाजूचा बाटलीचा खण जाळीचा असला तर ओली छत्री त्यात ठेवता येते आणि पाणी निथळून जाते. बाटली लॅपटॉपशेजारी ठेवायची नाही, हे सांगणे न लगे.

कापडाविषयी तू विचारलेस. लेबलवर ६०० डी, १००० डी असे जे लिहिलेले असते, त्यातला डी म्हणजे डेनिअर : त्या धाग्याची ९,००० मीटर लांबी जितके ग्रॅम भरते, तितका त्याचा डेनिअर. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, एवढेच त्यावरून कळते; पाणी अडवण्याचे काम कापडाच्या आतल्या बाजूचा लेप करतो. हा लेप बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहिला की तो सुटतो. पहिल्यांदा चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे निघून आतल्या वस्तूंना लागतात. मुंबईच्या हवेत, त्यातही पावसाळाभर माळ्यावर घडी घालून ठेवलेल्या बॅगेत, हे लवकर घडते. त्यामुळे सेलमध्ये स्वस्त लागलेली जुन्या साठ्यातली बॅग घेताना आत हात फिरवून पाहावा. बोटांना किंचित चिकटपणा लागला, तरी ती नको.

शिलाई मात्र डोळ्यांनीच पाहायची गोष्ट आहे, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. बॅग फाटते ती कापडात क्वचित. ती फाटते खांद्याचा पट्टा पाठीला जिथे जोडला जातो तिथे. आमच्याकडे कारागीर पट्ट्याचे टोक आधी शिवणीच्या आत चांगले खोल सरकवतो, त्यावर आडवी टीप मारतो, आणि मग त्याच जागी इकडून तिकडे दाट टाके घालून छोटी पट्टी तयार करतो, तिला बारटॅक म्हणतात. बॅग उलटी करून आत पाहिलेस, तर पाठीच्या वरच्या शिवणीतून पट्ट्याचे टोक बाहेर डोकावताना दिसेल. ते बोटभर असले तर उत्तम. घाईच्या मालात ते जेमतेम नखाएवढे असते, आणि बाहेरून दोन्ही बॅगा अगदी सारख्या दिसतात. आतल्या शिवणीच्या कडांना पट्टी लावून त्या झाकलेल्या आहेत का, तेही बघ. कापडाचे तंतू मोकळे लोंबत असतील, तर काही महिन्यांत चेन त्यांत अडकू लागते. मदनपुरा किंवा धारावी इथल्या छोट्या कारखान्यांतून निघणारा माल म्हणून नाक मुरडू नकोस. तिथे उत्तम हातही आहेत आणि वाईट घाईही आहे. नाव न वाचता शिवण वाचायची.

चेनचेही क्रमांक असतात, ३, ५, ८, १०, आणि ते मिटलेल्या दातांच्या मिलिमीटरमधल्या रुंदीशी ढोबळमानाने जुळतात. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० असावी, पुढच्या खिशाला ५ पुरते. चेन बिघडली की लोक बॅगच टाकतात, ते पाहून मला वाईट वाटते, कारण अनेकदा दात शाबूत असतात आणि झिजलेला असतो तो फक्त रनर, म्हणजे ओढून चेन उघडझाक करायचा तुकडा. तो पुढे गेल्यावर मागे दात उघडेच राहू लागले, की समजावे त्याची पकड सैल झाली. बॅग दुरुस्त करणारा थोड्या पैशांत नवा रनर घालून देतो.

आता वजन. तू शाळेत असताना तुझ्या दप्तरावरून घरात होणारे वाद तुला आठवत असतील. २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार पहिली ते दहावीच्या मुलांचे दप्तर त्यांच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड असू नये. पहिलीच्या मुलासाठी ते साधारण १.६ ते २.२ किलो येते, आणि पूर्व-प्राथमिक वर्गांना तर दप्तरच नसावे असे त्यात म्हटले आहे. नोकरदारांसाठी असे धोरण कोणी केलेले नाही. लॅपटॉप, चार्जर, एक लिटर पाणी म्हणजेच एक किलो, डबा, छत्री, एवढ्यातच चार-साडेचार किलो सहज होतात. बॅग मोठी असली की रिकामी जागा भरली जाते. जॅकेट, जुनी बिले, वाचायचे म्हणून ठेवलेले आणि न वाचलेले पुस्तक हे सगळे महिनोन्‌महिने घरून ऑफिसात आणि ऑफिसातून घरी फिरत राहते. जड वस्तू पाठीला लागून असाव्यात, बाहेरच्या खिशात नकोत, नाहीतर वजन मागे ओढते आणि आपण नकळत पुढे वाकतो.

राजमाचीचे आता पाहू. मुक्कामाला जाणार असाल आणि कोंदिवड्याच्या बाजूने चढणार असाल, तर ४० ते ५० लिटरची सॅक लागेलच, आणि तिथे तुझे ४५ लिटर अगदी बरोबर आहेत. पण त्या सॅकची खरी ओळख तिच्या कमरपट्ट्यात आहे. १९५२ साली अमेरिकेत डिक केल्टी यांनी ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक विकायला सुरुवात केली, तेव्हापासून वजन खांद्यांऐवजी कमरेच्या हाडांवर टाकण्याची ही पद्धत गिर्यारोहकांत रुजत गेली. म्हणून सॅक बांधताना सगळे पट्टे आधी सैल करावेत, कमरपट्टा कमरेच्या हाडांवर बसवून आवळावा, मग खांद्याचे पट्टे ओढावेत, त्यानंतर खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे आणि शेवटी छातीचा. सॅकची उंची आपल्या उंचीवरून ठरत नाही, धडाच्या लांबीवरून ठरते : मान झुकवल्यावर मानेच्या मुळाशी जे हाड टोचते, तिथून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंतचे अंतर. दुकानात रिकामी सॅक घालून काही कळत नाही. आत आठ-दहा किलो भरून, दहा मिनिटे चालून पाहावे. वर्षातून एक-दोन ट्रेकसाठी एवढा खर्च करण्यापेक्षा भाड्याने घे, किंवा दादाची सॅक वापर. धुऊन वाळवून ठेवण्याच्या अटीवर तो देईल.

पावसासाठी रेनकव्हर असतेच, पण ते पाठीची बाजू झाकत नाही. धो धो पावसात मानेवरून ओघळणारे पाणी पाठ आणि सॅक यांच्यामधून आत झिरपते आणि वाऱ्यात कव्हर उडून जाते ते वेगळेच. कपडे आणि स्लीपिंग बॅग आतच एका मोठ्या, जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून तिचे तोंड पिळून बांधावे. वरून सॅक चिंब झाली तरी रात्री अंगावर कोरडे पांघरूण राहते. विमानाने कुठे जायची वेळ आली, तर आपल्याकडच्या बहुतेक विमानांत हातातल्या बॅगेला ७ किलोची मर्यादा असते आणि पॉवर बँक त्याच बॅगेत ठेवावी लागते, हे लक्षात असू दे.

येण्यापूर्वी तुझ्या लॅपटॉपची लांबी, रुंदी आणि जाडी टेपने मोजून मला कळव. बॅग आपण इथे आल्यावर दोघे मिळून घेऊ. एक प्रश्न मात्र माझ्याकडून सुटलेला नाही. आई तुला तीन पुडांचा गोल स्टीलचा डबा देणार म्हणते, आणि तो भरून ठेवला की बॅग फुगते आणि माझा १५ सेंटिमीटरचा हिशेब कोलमडतो. चपटा डबा तिला मान्य नाही. आमटी सांडते म्हणे. तेव्हा खरेदीला निघण्याआधी हे तुम्ही दोघी फोनवर बोलून ठरवा, कारण डबा ठरल्याशिवाय बॅगेचे माप ठरणार नाही.

तुझे,
बाबा