नळीखेरीज मार्ग आहेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतील फुप्फुस अचानक बसण्याविषयीच्या (म्हणजे फुप्फुसातून गळलेली हवा छातीच्या पोकळीत साठून ते आक्रसण्याविषयीच्या) लेखात ‘छातीत नळी घालणे हाच उपचार’ असे वाचले आणि रात्रभर स्वस्थता लाभली नाही.

माझा मुलगा तीन वर्षांपूर्वी, एकोणिसाव्या वर्षी, छातीत कळ आली म्हणून वसतिगृहातून स्वतः चालत रुग्णालयात गेला. त्याला धाप नव्हती, ऑक्सिजन ९७ होता. तरी एक्स-रे पाहताच त्याच्या बरगड्यांमधून नळी घातली गेली. सहा दिवस तो नळीला जोडलेली पाण्याची बाटली हातात धरून स्वच्छतागृहापर्यंत जात असे आणि खोकला आला की कळवळत असे. दुसरा काही मार्ग आहे का, या माझ्या प्रश्नाला ‘आधी सही करा’ एवढेच उत्तर मिळाले.

मार्ग होता. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ३१६ रुग्णांचा अभ्यास २०२० सालीच प्रसिद्ध झाला आहे. त्यात ज्यांच्यावर केवळ देखरेख ठेवली, त्यांच्यापैकी सुमारे ८५ टक्के रुग्णांना नळी लागलीच नाही. फुप्फुस पुन्हा बसण्याचे प्रमाणही त्यांच्यात ८.८ टक्के, तर नळी घातलेल्यांत १६.८ टक्के होते. देखरेखीत फुप्फुस फुगायला वेळ अधिक लागतो, हे खरे. पण तो वेळ घरी जातो. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही हवा किती साठली यापेक्षा रुग्णाला त्रास किती आहे, हे पाहायला सांगतात. सुईने हवा काढणे, हवा फक्त बाहेर सोडणाऱ्या झडपेचे छोटे उपकरण लावून घरी पाठवणे, आजार उलटल्यास दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, यांतील एकाचाही उल्लेख लेखात नसावा, याचे दुःख वाटते.

धाप लागलेल्या, रक्तदाब घसरलेल्या किंवा क्षयाने आधीच फुप्फुस पोखरलेल्या रुग्णाला नळी जीवदान देते, हे मी नाकारत नाही. माझे म्हणणे धडधाकट तरुणांपुरते आहे.

आणखी एक. मुलाच्या डिस्चार्ज कार्डावर टाके कधी काढायचे ते होते, स्कुबा डायव्हिंग टाळावे हे नव्हते; पाण्याखालच्या दाबातील बदलाने फुप्फुस पुन्हा बसले तर जिवावर बेतू शकते. पुढच्याच दिवाळीत तो मित्रांबरोबर मालवणला पाण्यात उतरणार होता. ओळखीच्या एका डॉक्टरांनी फोनवर अडवले म्हणून वाचला. आपल्या लेखातही ही सूचना नाही. ती पुढच्या पुरवणीत ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
एक पालक, सांगली