डिस्चार्जनंतरचे तास कोण मोजणार? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

पक्षाघाताचा रुग्ण लवकर रुग्णालयात पोहोचावा आणि मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्याला साडेचार तासांच्या आत मिळावे, यासाठी आरोग्य यंत्रणा जी धडपड करते तिच्याविषयी मला आदर आहे. हे पत्र त्याच रुग्णाच्या पुढच्या काही महिन्यांविषयी आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक डिस्चार्ज कार्डांवर शेवटची ओळ एकच असते: ‘फिजिओथेरपी चालू ठेवावी.’ त्याच कार्डावर प्रत्येक गोळीपुढे तिची मात्रा आणि ती दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर घ्यायची, हे नीट लिहिलेले असते. व्यायाम किती, कोणाच्या देखरेखीखाली आणि किती महिने, याबद्दल मात्र एक अक्षरही नसते.

व्यायामालाही मात्रा असते, हे आता अंदाजावर सोडण्याजोगे राहिलेले नाही. मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही. हालचाल परत येते ती शेजारचे आणि दूरचे शाबूत भाग काही प्रमाणात ते काम शिकून घेतात म्हणून. १९९६ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ रँडॉल्फ न्यूडो यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले की, मेंदूला इजा झाल्यानंतर हाताला सराव दिला तर इजेच्या आसपासचे, हात चालवणारे मेंदूचे क्षेत्र टिकते, आणि सराव नसेल तर ते शाबूत क्षेत्रही आक्रसते. अशा प्रयोगांत प्राण्यांकडून दिवसाला शेकडो वेळा हालचाल करून घेतली जाते. माणसांच्या बाबतीत अमेरिका आणि कॅनडातल्या उपचार केंद्रांमध्ये प्रत्यक्ष बसून मोजणी झाली, तेव्हा हाताच्या एका सत्रात कामाची हालचाल सरासरी ३२ वेळाच होते असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तो निबंध वाचून मी माझ्या स्वतःच्या सत्रांत मोजून पाहिले. आकडा इथे लिहिण्यासारखा नाही.

वेळेचा प्रश्न याहून नाजूक आहे. ‘जितक्या लवकर तितके चांगले’ असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. पण २१०४ रुग्णांवरच्या ‘अ‍ॅव्हर्ट’ चाचणीत २०१५ साली असे आढळले की, पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार आणि जास्त वेळ उठवून चालवण्याचा आग्रह धरला तर तीन महिन्यांनंतरचा परिणाम उलट थोडा वाईटच होतो. दुसरीकडे, २०२१ सालच्या ७२ जणांच्या एका छोट्या चाचणीत हातासाठी २० तासांचा जादा सराव वेगवेगळ्या टप्प्यांवर देऊन पाहिला गेला, आणि त्याचा सर्वाधिक लाभ झटक्यानंतर दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान सराव सुरू करणाऱ्यांना झाला. चाचणी लहान आहे, तिच्यावर सगळा भार टाकता येणार नाही. तरीही महोदय, त्या दोन-तीन महिन्यांच्या सुमारास रुग्ण कुठे असतो, हे आपण एकदा पाहावे. तो घरी असतो, त्याची फाईल बंद झालेली असते, आणि आठवड्यातून दोनदा रिक्षा करून त्याला घेऊन येणारे माणूस थकलेले असते.

‘घरच्यांना शिकवून सोडा, ते करून घेतील’ हा यावरचा सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत लोकप्रिय तोडगा आहे. तो भारतातच कसोटीला लागला आहे. ‘अटेंड’ नावाच्या चाचणीत १४ रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरच्यांना पुनर्वसनाचे प्रशिक्षण देण्यात आले. २०१७ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के होते. घरच्यांची माया कमी पडते असा याचा अर्थ नाही. त्यांना शिकवलेच पाहिजे, निदान लुळ्या हाताला धरून रुग्णाला ओढत उठवू नये एवढे तरी, कारण त्या ओढण्याने निखळू पाहणारा खांदा पुढे महिनोन्‌महिने दुखतो आणि दुखणाऱ्या हाताला कोणी सराव करू देत नाही. पण प्रशिक्षित माणसाच्या जागी त्यांना उभे करून एका पदाचा खर्च वाचवणे, ही काटकसर नव्हे.

यंत्रांबद्दलही स्पष्ट लिहितो. रोबोटच्या साहाय्याने हाताचा सराव देणाऱ्या ब्रिटनमधल्या ७७० रुग्णांच्या चाचणीत, नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत हाताच्या कामात सुधारणा दिसली नाही (२०१९). शरीराचा भार पेलणाऱ्या ट्रेडमिलवरचे प्रशिक्षण आणि फिजिओथेरपिस्टने घरी येऊन घेतलेला ताकदीचा व तोलाचा व्यायाम यांची ४०८ जणांत तुलना झाली, तेव्हा ट्रेडमिल सरस ठरली नाही (२०११). यंत्राचे उद्घाटन करता येते, घरभेटीचे करता येत नाही, ही अडचण मी समजू शकतो.

म्हणून माझी विनंती अशी की, डिस्चार्ज कार्डावर पुनर्वसनाचे तास लिहिणे बंधनकारक करावे आणि ते देण्याची जबाबदारी कोणत्या केंद्राची, हेही त्यावर असावे. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२३ मध्ये झेपेल त्या रुग्णांसाठी दिवसाला किमान तीन तास, आठवड्यातून किमान पाच दिवस असे प्रमाण सांगितले. आपण निम्म्याने सुरुवात केली तरी आजच्या शून्यापेक्षा ती पुष्कळ असेल. त्यासाठी फिजिओथेरपिस्टच्याच नव्हे, तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि वाचा-उपचारतज्ज्ञांच्याही रिक्त जागा भराव्या लागतील. पाय चालू लागला तरी शर्टाची गुंडी लावणे, शौचालयात एकट्याने जाणे आणि मनातला शब्द ओठांवर आणणे ही कामे वेगळ्या माणसांची आहेत.

‘वर्ष झाले, आता काही होणार नाही’ म्हणून दार बंद करण्याची पद्धतही थांबवावी. लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या कार्यक्रमात तीन आठवड्यांत ९० तास हाताचा सराव दिला जातो; तिथल्या २२४ रुग्णांपैकी निम्म्यांना पक्षाघात होऊन दीड वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लोटला होता, तरी सुधारणा दिसली आणि सहा महिन्यांनंतरही टिकली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे नमूद करतो.

आणि शेवटची विनंती बिनखर्चाची आहे. पक्षाघातातून किती जण वाचले हे खाते मोजते. त्यांपैकी किती जण सहा महिन्यांनंतर कोणाच्या मदतीशिवाय अंघोळ करू शकतात, हा रकानाही त्याच तक्त्यात यावा.

आपला विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट