पोकरच्या सेटमध्ये सुटे कुठे आहेत?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला भेटवस्तूंवरचा लेख वाचला. पोकर या पत्त्यांच्या खेळात पैशांच्या जागी वापरायच्या चकत्यांचा, घरच्यांचं आडनाव छापलेला सेट हल्ली लोक हौसेने बनवून घेतात, असं त्यात लिहिलं आहे. सोबतच्या फोटोत शंभर, पाचशे, हजार, पाच हजार आणि पंचवीस हजाराच्या चकत्या झोकात रचून ठेवल्या आहेत. मी भिंग घेऊन शोधलं. एकची नाही, पाचची नाही. हा सेट निवडणाऱ्याने घरी कधी डाव मांडलेला नसावा, किंवा मांडला असेल तर तो अर्ध्या तासात मोडला असावा.

एवढ्या ठामपणे लिहितो, कारण आम्ही हीच चूक पैसे देऊन केलेली आहे. शिवाय माझी सगळी नोकरी बँकेच्या कॅश खिडकीत गेली, शेवटची अकरा वर्षं हेड कॅशियर म्हणून. सुट्यावाचून माणसाचं काय होतं ते मी जाळीच्या आतून पाहिलं आहे. दिवाळीच्या तोंडावर इतवारीतले व्यापारी हजाराची गड्डी नको म्हणायचे, रुपया-दोन रुपयांची पिशवी आहे का विचारायचे. देवळाच्या दानपेटीची चिल्लर आली की मी ती मोजून होण्याआधीच तिला गिऱ्हाईक उभं असायचं.

आता आमच्या डावाबद्दल. नवतपा लागला की नागपुरात दुपारी अकरा ते पाच बाहेर कोणी पडत नाही. महालातल्या आमच्या जुन्या घरात वाळ्याचा कूलर लावून, पडदे ओढून, पत्ते काढायची पद्धत माझ्या आजोबांपासूनची. मेंढीकोट, बदाम सात, रमी, कधी तीनपत्ती. पैशाच्या जागी चिंचोके. चिंच फोडायची जबाबदारी आईकडे आणि चिंचोके धुऊन वाळवायची आम्हा भावंडांकडे. एकेकाला पन्नास मोजून मिळायचे. आतासुद्धा घरात कोणी पोकरच्या चकत्यांना चिप्स म्हणत नाही, चिंचोकेच म्हणतात. चिप्स म्हटलं की आमच्याकडे वेगळाच डबा येतो.

पोकर आणला माझ्या मुलाने, पुण्याहून. खेळ चांगला आहे, हिशेबाचा आहे, मला आवडला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की पत्ते वाटायच्या आधी दोघांना सक्तीने रक्कम टाकावी लागते, एकाने लहान आणि त्याच्या पुढच्याने दुप्पट. त्यांना स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड म्हणतात. तीनपत्तीत न बघता चालतो तो ब्लाइंड वेगळा. हा तीनपत्तीत पत्ते वाटायच्या आधी टाकतात त्या बुटाच्या जातीचा. दर डावाला ही पाळी एकेकाने पुढे सरकते. म्हणजे पत्ते कसेही येवोत, लहान चकती प्रत्येक डावात लागणारच. मोठी लागेल तेव्हा लागेल.

मुलाने पहिला सेट मागवला तो तीनशे चकत्यांचा. पंचवीस, शंभर, पाचशे, हजार, पाच हजार, प्रत्येकी साठ. पेटी देखणी, आत मखमल. मी सवयीने बेरीज केली. पेटीत एकूण ३,९७,५०० आणि त्यातले सुटे किती, तर १,५००! पाच हजाराच्याच तीन लाखांच्या. अशी तिजोरी घेऊन मी एक दिवससुद्धा शाखा चालवली नसती.

खेळायला आम्ही आठ जण बसलो. पंचवीसच्या साठ चकत्या आठांत वाटल्या तर प्रत्येकाला सात. ब्लाइंड पंचवीस-पन्नास. चौथ्या-पाचव्या डावापर्यंत निम्म्या पंचवीस वहिनींच्या पुढ्यात जमा झाल्या आणि वहिनी चिल्लर सोडायला तयार होईनात. मग सुरू झालं. कोणी शंभराची टाकून पंचाहत्तर परत मागतोय, कोणी म्हणतोय माझे पन्नास लिहून ठेवा, पुढच्या वेळी देतो. नातवंडं माझ्याकडे धावली, "आबाजी, सुटे द्या ना!" मी एक कागद घेऊन उधारी मांडायला बसलो. आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, निवृत्त झाले ना तुम्ही? मग पुन्हा खिडकी काहून उघडून राहिले?"

मुलाने तोडगा काढला की पंचवीस बाजूलाच ठेवू, शंभर-दोनशेचे ब्लाइंड करू. पण शंभराच्याही साठच होत्या. आकडा बदलून उपयोग नाही, नगच कमी. सगळ्या रंगांच्या चकत्या सारख्या संख्येने घ्यायच्या ही कल्पनाच दुकानातल्या काचेच्या कपाटाची आहे.

दुसऱ्या वेळी मी कागद-पेन्सिल हातात घेतली आणि मुलाला सांगितलं, आधी तळापासून मोजू. आमचे ब्लाइंड एक आणि दोन. बसताना प्रत्येकाला दोनशे, म्हणजे बिग ब्लाइंडच्या शंभरपट. हे माप पोकर खेळणाऱ्यांत रुळलेलं आहे. दोनशे कसे द्यायचे? एकच्या वीस, पाचच्या सोळा आणि वीसच्या पाच. वीस, ऐंशी आणि शंभर, झाले दोनशे. आठ जणांना एकच्या १६० आणि पाचच्या १२८ लागल्या. विकणारा पंचवीस नगांच्या पुडीत देतो, म्हणून एकच्या सात पुड्या, पाचच्या सहा, वीसच्या दोन आणि शंभरची फक्त एक. एकूण चारशे नग. शंभरच्या पंचवीस चकत्या हरलेल्याला पुन्हा बसवण्यापुरत्या. तो दोन घेतो आणि शेजाऱ्याकडून मोडून घेतो. सगळ्यांसमोर ढीग आहे म्हटल्यावर मोडून द्यायला कोणी कुरकुरत नाही. वहिनीसुद्धा.

हे गणित रात्रभर एकाच ब्लाइंडवर चालणाऱ्या डावाचं आहे. स्पर्धेसारखं खेळणाऱ्यांचं वेगळं. तिथे ब्लाइंड वाढत जातात, लहान चकती मध्येच निरुपयोगी होते आणि मोठीवर बदलून पेटीत जाते. त्यांना सुरुवातीला दहा हजार द्यायचे तर पंचवीसच्या बारा, शंभरच्या बारा, पाचशेच्या पाच आणि हजाराच्या सहा पुरतात. बघा, तिथेही लहानच जास्त.

वीसची चकती घ्यायची की पंचवीसची, यावर आमच्या घरी दोन दिवस वाद झाला. अमेरिकन पद्धत एक, पाच, पंचवीस, शंभर अशी; त्यांच्याकडे पाव डॉलरचं नाणं आहे. मी पंचवीसच्या बाजूने होतो. आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ केलेली माणसं. शंभराचा पाव म्हणजे पंचवीस हे आमच्या रक्तात आहे. चार आण्यांचं नाणं माझ्या हातून किती गेलं असेल त्याचा हिशेब नाही. नातू म्हणाला, "आबाजी, चार आणे मी पाहिलेच नाहीत." खरं आहे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, तेव्हा तो जन्मलासुद्धा नव्हता. त्याच्या खिशात वीसची नोट असते. शिवाय त्याने एक मुद्दा असा काढला की मी गप्प झालो. पोकरमध्ये चकत्यांची चळत वीसचीच लावतात; मग एकची एक चळत बरोबर वीसची एक चकती, मोजायलाच नको. मतदान झालं, पाच विरुद्ध तीन. मी हरलो, आणि आता खेळताना कळतं की पोरगं बरोबर होतं.

रंगाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण इथे लोक फसतात. जुना रिवाज एकसाठी पांढरी, पाचसाठी लाल असा आहे. अमेरिकेत चालत असेल. आमच्याकडे डावाच्या मध्ये सांबारवडी येते, रविवारी सकाळी बसलो तर तर्री पोहे. सगळ्यात जास्त हाताळली जाते ती एकची चकती, आणि पांढरी घेतली तर महिन्याभरात ती हळदीची होते. पहिल्या सेटमधल्या पांढऱ्या आजही पिवळ्या आहेत, घासून पाहिल्या. म्हणून एकसाठी गडद निळा घेतला. पाचसाठी लाल ठेवला. वीसला मुलगा संत्र्याचा नारिंगी करणार होता, नागपूर म्हणून. दिवाणखान्यातल्या पिवळ्या दिव्याखाली लाल आणि नारिंगी शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा त्याने हिरवा मान्य केला. हिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे; तिला निळा, लाल, हिरवा हे लांबून ओळखू येतात.

आणखी एक. चळत लावली की चकतीचं तोंड दिसत नाही, फक्त कड दिसते. तुम्ही तोंडावर आडनाव, कुलदैवत, काहीही छापा. खेळणाऱ्याला समोरच्याच्या पुढ्यात किती आहे ते कडेवरूनच कळतं. म्हणून कडेचा रंग आणि पट्टे आधी ठरवावेत, चित्र मागाहून.

आमच्या पिढीला नाणं बोटांनी कळायचं. पाच पैसे चौकोनी, दहा पैशांना झालर, वीस पैसे षटकोनी. खिशात हात घालून न बघता काढायचे. पुढे २००७ च्या सुमारास अंगठ्याचं आणि दोन बोटांचं चित्र असलेली स्टीलची नाणी आली. रुपया आणि दोन रुपये आकारात इतके जवळ की खिडकीवर दिवसाला चार भांडणं. पोकरच्या चकत्या तर सगळ्याच एका मापाच्या, साधारण ३९ मिलिमीटर, आणि बोटांना काहीच सांगत नाहीत. तेव्हा खालच्या दोन किमती, ज्या सतत एकत्र पडतात, त्यांत तरी कोणी गफलत करू शकणार नाही असा फरक हवा.

आकडे देवनागरीत घेतले, मोठे. १ आणि ५. वजनाचं म्हणाल तर आत धातूची पट्टी घातलेली चौदा ग्रॅमची चकती हातात भारदस्त लागते, पण चारशेंचे साडेपाच किलोंच्या वर होतात आणि पेटी माळ्यावरून मलाच काढावी लागते. दहा ग्रॅमची सिरॅमिकची घेतली. आवाज मात्र छान येतो, आमच्या बँकेच्या पितळी टोकनांची आठवण यावी असा. चेक दिला की नंबराचं टोकन मिळायचं आणि लोक बाकावर बसून ते बोटांत खेळवायचे. किंमत लिहीत नाही, हे पत्र घरीही वाचलं जाईल.

एका बाबतीत माझं कोणी ऐकलं नाही. आमच्या नागपूरच्या झिरो माइल स्मारकाचा खांब आणि चार घोडे यांचं सुरेख रेखाचित्र भाचीने काढून दिलं होतं, ते मुलाने शंभरच्या चकतीवर टाकलं. मानाची जागा म्हणे. एकवर नुसता चिंचोका. माझं म्हणणं उलट होतं. शंभरची चकती एका बैठकीत चार वेळा दिसत नाही. ज्या चकतीला दिवसभर हात लागतो तिच्यावर चांगलं चित्र घालावं. पण चिंचोका पाहून माझी ऐंशीची बहीण इतकी हसली की मी वाद सोडला.

आमच्या एकाही चकतीवर रुपयाचं चिन्ह नाही, हे मुद्दाम सांगतो. आपल्या लेखातल्या फोटोत ते आहे आणि मला ते खटकलं. महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधाचा कायदा १८८७ पासूनचा आहे, आणि पैसे लावून चालणाऱ्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंदी आणली. घरच्या घरी बिनपैशाने खेळणाऱ्याने चकतीवर चलनाचं चिन्ह छापून शेजाऱ्यांना विषय कशाला द्यायचा? आमच्याकडे हरणाऱ्याने कूलरमध्ये पाणी भरायचं असतं. नवतप्यात ही शिक्षा कोणत्याही दंडापेक्षा कडक आहे, टाकी दिवसात तीनदा भरावी लागते.

पुन्हा कधी असा लेख छापलात तर फोटोत निदान एकच्या चकत्यांची एक चळत ठेवा. जागेअभावी पत्र कापावं लागलं तर माझ्या नोकरीचं कापा, पुड्यांचा हिशेब ठेवा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त हेड कॅशियर
महाल, नागपूर

ता. क. एकच्या पंधरा चकत्या जादा आल्या होत्या, त्यांतल्या दोन हरवल्या. एक परवा कूलरच्या टाकीत सापडली, निळा रंग शाबूत आहे. दुसरी वहिनींकडे असावी असा माझा संशय आहे.